ठरलेलं आणि नाकारलेलं

'स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' हा ॲनिमेशनपट २०२३ साली भारतात दहा भाषांत आला. त्यात मराठीही होती. मुंबई आणि मॅनहॅटन मिळून झालेलं 'मुंबॅटन' शहर त्यात आहे आणि तिथला स्पायडर-मॅन आहे पवित्र प्रभाकर! या विश्वातून त्या विश्वात चाललेली पळापळ माझ्या डोळ्यांना झेपली नाही. पण एक गोष्ट मनात रुतली. माइल्स नावाच्या पोराला बजावतात, तुझ्या बापाचं मरण ठरलेलं आहे, वाचवू नकोस. पोरगा ऐकत नाही. आमच्या वाशिमकडं सोयाबीन बुडालं की माणसं 'नशिबात होतं' म्हणतात. तकदीर मीही मानतो, तरी मी माइल्सच्या बाजूचा. नातवानं सिनेमा हिंदीत पाहिला. मराठीतही होता म्हटलं, तर विचारतो, "नाना, स्पायडर-मॅनला मराठी येते?"