यकृताचा कर्करोग : एका अक्षराची चूक

१९६० सालीं इंग्लंडमध्यें एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मरण पावले. त्यांना घातलेल्या भुईमुगाच्या पेंडींत बुरशीचें विष निघालें. त्यास पुढें अफ्लाटॉक्सिन हें नांव पडलें. हें विष मनुष्याच्या यकृतांत काय करितें, याचा उलगडा १९९१ सालीं झाला.

जनुक म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला लेख. पी-५३ हें जनुक पेशींचा पहारेकरी होय. सदोष पेशीची वाढ तें रोखून धरतें. चीनमधील चिदोंग व आफ्रिकेचा दक्षिण भाग येथील पुष्कळ रुग्णांच्या यकृताच्या गांठींत या जनुकाच्या २४९व्या त्र्यक्षरी शब्दांत एकच चूक आढळली : शेवटच्या ‘जी’च्या जागीं ‘टी’. पहारेकरी निकामी झाला होता.

एवढ्यानेंच कर्करोग होत नाहीं. अशा अनेक चुका वर्षानुवर्षें साठाव्या लागतात. ‘हिपॅटायटिस बी’च्या विषाणूची जोड मिळाल्यास मात्र धोका कित्येक पटींनीं वाढतो.

बिघडलेला लेख सुधारणें कठीण, कारण टाळणें सोपें. १९८० नंतर चिदोंगच्या लोकांनीं मक्याऐवजीं तांदूळ खाण्यास आरंभ केला. पुढें तेथील या रोगाचे मृत्यु घटले. विषाणूवर लसही आहे. दाणे निवडतांना बुरसटलेला दाणा टाकून देणाऱ्या गृहिणीच्या संवयीस शास्त्राचा असा भक्कम आधार आहे.