जामीन राहणारा माणूस

इसवी सन १८४१ च्या ऑगस्ट महिन्यांत एके सकाळीं अमेरिकेंतील बोस्टन शहराच्या पोलीस कोर्टांत जॉन ऑगस्टस नांवाचा एक गृहस्थ येऊन बसला होता. तो वकील नव्हता, धर्मोपदेशक नव्हता, कीं सरकारी नोकरहि नव्हता. बूट तयार करून विकणें हा त्याचा व्यवसाय. मद्यपाननिषेधाच्या चळवळीनें त्या काळीं तें शहर ढवळून निघालें होतें आणि ऑगस्टस त्या चळवळींतला होता. कोठडीकडील दार उघडलें, शिपायाच्या मागोमाग फाटक्या कपड्यांतला, खंगलेला एक इसम आंत आला आणि आरोपींच्या बांकावर बसला. सराईत दारूबाज असा त्याच्यावर आरोप. खटल्याला कांहीं मिनिटेंच लागलीं. अपराध शाबीत झाला. शिक्षेचा शब्द तेवढा उच्चारावयाचा राहिला होता. मधल्या अवधींत ऑगस्टस त्याच्याजवळ जाऊन चार शब्द बोलला. आपली कैद चुकवाल तर पुन्हां दारूला शिवणार नाहीं, असें त्या माणसानें कळवळून सांगितलें. असलीं वचनें दारुड्याच्या तोंडीं किती स्वस्त असतात हें ऑगस्टसला ठाऊक नव्हतें असें नाहीं. तरीहि त्याच्या बोलण्यांतील कळकळ पाहून कोर्टाच्या परवानगीनें तो त्याला जामीन राहिला.

तीन आठवड्यांनीं शिक्षा ऐकण्यासाठीं हजर व्हावें, असा हुकूम झाला. ठरल्या दिवशीं तो आला तेव्हां हाच तो मनुष्य हें कोर्टांतल्या कोणालाहि खरें वाटेना. दारू न पिण्याच्या प्रतिज्ञेवर त्यानें सही केली होती आणि ती पाळलीहि होती. न्यायाधीशानें नेहमींची कैद न देतां त्याला एक सेंट दंड केला. कोर्टखर्चासह ती रक्कम ३ डॉलर ७६ सेंट झाली; ती त्यानें तेथल्या तेथें भरली आणि तो आपल्या वाटेनें गेला.

ही हकीकत एका दयाळू माणसाची म्हणून सांगण्याचा प्रघात आहे. ती तेवढीच असती तर सांगण्याचें फारसें कारण नव्हतें, कारण दयाळू माणसें सर्व काळीं आणि सर्व देशीं आढळतात. ऑगस्टसचें वैशिष्ट्य त्याच्या व्यवस्थितपणांत आहे. समोर येईल त्याला तो जामीन राहत नसे. आरोपीचें वय काय, पूर्वींचें वर्तन कसें आहे, गुन्हा पहिलाच आहे कीं नाहीं, सुटल्यावर त्याला कोणाच्या संगतींत राहावें लागणार आहे, याची तो अगोदर चौकशी करी. एकदां जामीन राहिला कीं मुलाला शाळेंत घालणें, मोठ्याला काम मिळवून देणें, ज्याला आसरा नाहीं त्याला आसरा शोधून देणें हें सर्व तो आपलें कर्तव्य समजे. कित्येकांना तर त्यानें आपल्याच घरीं ठेवून घेतलें. प्रत्येकाची नोंद त्याच्या वहींत असे, आणि मुदत संपली कीं न्यायाधीशापुढें तो खराखुरा अहवाल ठेवी. भूतदया आणि हिशेबाची वही यांची अशी गांठ क्वचितच पडते.

१८४७ सालीं त्यानें सात ते पंधरा वर्षांच्या १९ मुलांचा जामीन घेतला. त्यांचे खटले एकदम निकालांत न काढतां महिन्या-महिन्यानें पुढें ढकलावे, असें कोर्टाशीं ठरलें. दर महिन्याला पुकारा झाला कीं ऑगस्टस हजर राही आणि मुलांच्या वर्तनाविषयीं सांगे. असे पांच-सहा महिने गेले. मग त्यांतल्या बारा मुलांना एकाच वेळीं कोर्टांत उभें करण्यांत आलें. प्रथम पकडून आणलेलीं तीं पोरें आणि आतां समोर उभीं असलेलीं मुलें यांतला फरक पाहून न्यायाधीशानें समाधान व्यक्त केलें. या कसोटीच्या मुदतीलाच पुढें ‘प्रोबेशन’ हें नांव रूढ झालें. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पारखून पाहणें असा आहे. सोनें कसोटीवर घासून पाहतात, तसें माणसाला मोकळ्या जगांत ठेवून पाहावयाचें, हा त्यांतला भाव.

असें असूनहि त्याचें कौतुक सर्वत्र झालें नाहीं. विरोध झाला तो मुख्यतः कोर्टांतल्याच माणसांकडून, आणि त्याचें कारण तात्त्विक नव्हतें. तुरुंगांत पोंचविलेल्या प्रत्येक कैद्यामागें पोलिसाला ठराविक मेहनताना मिळत असे. ऑगस्टसनें एक माणूस सोडविला कीं तेवढे पैसे बुडत. कांहीं वर्तमानपत्रांनींहि त्याच्यावर तोंडसुख घेतलें. इकडे त्याचा धंदा बसत चालला होता. सकाळचा वेळ कोर्टांत जाई, उरलेला दिवस जामिनावर सोडविलेल्यांच्या खटपटींत, मग बूट कोणीं शिवावयाचे? पुढें कांहीं उदार नागरिकांनीं वर्गणी देऊन त्याचें काम चालू ठेवलें. १८५२ सालीं त्यानें आपल्या दहा वर्षांच्या कामाचा अहवाल छापला. १८५८ पर्यंत त्यानें एकंदर १,९४६ जणांचा जामीन घेतला. त्यांपैकीं १,१५२ पुरुष आणि ७९४ स्त्रिया होत्या. दगा देऊन पळालेले बोटांवर मोजण्याइतकेच. १८५९ सालीं तो वारला. १८७८ सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानानें कायदा करून बोस्टनमध्यें या कामासाठीं पगारी अधिकारी नेमण्याची तरतूद केली. त्या जागेवर पहिली नेमणूक झाली एडवर्ड सॅव्हेज यांची, आणि हे सॅव्हेज बोस्टनचे माजी पोलीसप्रमुख होते. ज्या खात्याच्या माणसांनीं ऑगस्टसला कोर्टाच्या पायऱ्यांवर अडविलें, त्याच खात्यांतून त्याचा वारस निघाला.

इंग्लंडमध्यें या कामाचा आरंभ याहूनहि साधा आहे. १८७६ सालीं फ्रेडरिक रेनर नांवाच्या एका मुद्रकानें चर्चच्या मद्यपाननिषेध संस्थेला पत्र लिहिलें. एकदां माणूस पोलीस कोर्टाच्या फेऱ्यांत सांपडला कीं गुन्ह्यामागून गुन्हा आणि कैदेमागून कैद हेंच त्याच्या नशिबीं येतें, यावर कांहीं उपाय करावा अशी त्यांत विनंती होती, आणि सोबत पांच शिलिंग होते. त्या पांच शिलिंगांतून कोर्टांत बसणारे स्वयंसेवक उभे राहिले. १९०७ सालीं पार्लमेंटनें कायदा करून त्यांच्या कामाला सरकारी मान्यता दिली. अधिकाऱ्यानें अपराध्याला सल्ला द्यावा, साह्य करावें आणि त्याचा स्नेही व्हावें, असें त्या कायद्यानें सांगितलें. स्नेही होणें हें कायद्यानें नेमून दिलेलें कर्तव्य असल्याचीं उदाहरणें फार नसतील.

आपल्याकडे मुंबई इलाख्यानें १९३८ सालींच प्रोबेशनचा स्वतंत्र कायदा केला होता. साऱ्या देशासाठीं केंद्रीय कायदा आला तो १९५८ सालीं. त्याचीं कलमें कोणीहि वाचावीं इतकीं सुबोध आहेत. ज्या गुन्ह्याला फांशीची किंवा जन्मठेपेची शिक्षा नाहीं, त्यांत कोर्ट अपराध्याला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडूं शकतें. अपराधी एकवीस वर्षांच्या आंतला असेल तर कैदेपूर्वीं प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो, आणि तरीहि कैदच द्यावयाची असल्यास तिचीं कारणें लिहून ठेवावीं लागतात. ज्याचें नुकसान झालें त्याला भरपाई देवविण्याची सोयहि त्यांत आहे. ही गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे, कारण अपराध्याची कींव करतांना ज्याची चोरी झाली त्याला सुधारक विसरतात, असा आक्षेप नेहमीं घेतला जातो व तो नेहमींच चुकीचा असतो असें नाहीं. याच कायद्याचें तेरावें कलम सांगतें कीं, सरकारनें मान्य केलेल्या एखाद्या संस्थेनें पुरविलेला माणूसहि प्रोबेशन अधिकारी म्हणून काम करूं शकतो. ऑगस्टसला कायद्यांत कोठें जागा असेल तर ती येथें आहे.

अमलाकडे पाहिलें तर चित्र निराळें दिसतें. २०२२ सालाच्या अखेरीस भारतांतील तुरुंगांत ५,७३,२२० माणसें होतीं, आणि त्यांपैकीं ४,३४,३०२ जणांचा खटला अजून संपलेला नव्हता. म्हणजे चार बंदिवानांतले तीन कायद्याच्या दृष्टीनें अद्याप अपराधी ठरलेले नव्हते. यांतल्या कित्येकांना जामीन मंजूरहि झालेला असतो, पण जामीन राहणारा मिळत नाहीं. १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें आलेला मोतीरामचा खटला याचा प्रसिद्ध दाखला आहे. हा मध्यप्रदेशांतला एक गरीब गवंडी. खालच्या न्यायाधीशानें त्याच्याकडे दहा हजार रुपयांचा जामीन मागितला. सख्खा भाऊ पुढें आला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यांत आहे म्हणून त्याला नाकारलें. न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं त्या हुकुमावर कडक ताशेरे ओढले आणि एक हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडविलें. गवंड्याचें प्रकरण दिल्लीपर्यंत पोंचलें म्हणून हें झालें. न पोंचणारेच अधिक.

मुंबईसारख्या शहरांत अडचण दुप्पट होते. पकडलेला तरुण बहुधा परगांवचा, पदपथावर किंवा दुसऱ्याच्या खोलींत निजणारा. त्याच्या नांवावर घर नाहीं, शिधापत्रिका नाहीं, आणि तो कोठें आहे हें गांवीं आईबापांना महिनोन्महिने कळत नाहीं. लहानशा चोरीसाठीं दोन महिने आंत राहिला तरी असलेली नोकरी जाते, निजावयाची जागा जाते, आणि आंतल्या मुक्कामांत जीं माणसें भेटतात तीं मोटारीचें कुलूप कसें काढावें हें शिकवितात. सुटतो त्या दिवशीं बाहेर त्याची वाट पाहणारे कोणी असलेच तर तेच. पोलिसांची संख्या वाढवा, दिवे वाढवा, पहारे ठेवा, या सर्वांचा उपयोग आहे. पण या तरुणाच्या बाबतींत पुढचा गुन्हा थांबविण्याची जागा तुरुंगाच्या फाटकाबाहेर पहिल्या आठ दिवसांत असते, आणि तेथें सरकारचा माणूस सहसा नसतो.

तें काम करण्यासाठीं टाटा समाजविज्ञान संस्थेनें १९९० सालीं ‘प्रयास’ हा उपक्रम मुंबईंत सुरू केला. ही संस्था स्वतः १९३६ सालीं, समाजसेवेचें रीतसर शिक्षण देण्यासाठीं निघालेली. तेव्हां तेथें शिकलेल्यांनीं तुरुंगांत जाऊन बसावें हें तिच्या स्वभावाला धरूनच झालें. कार्यकर्ते पोलीस ठाण्यांत, कोर्टांत आणि कारागृहांत जातात. घरचा पत्ता काढून कुटुंबाला निरोप पोंचवितात, वकील मिळवून देतात, सुटलेल्याला निवारा आणि काम शोधण्यास हातभार लावतात. कैदेंत असलेल्या बाईचीं मुलें कोठें आहेत, हा प्रश्नहि त्यांनाच विचारावा लागतो, कारण खटल्याच्या कागदांत तो कोठेंच नसतो.

या कामांत सर्वांत अवघड पायरी कामधंद्याची. प्रोबेशनवर सुटलेल्याला त्या शिक्षेमुळें कायद्यानें कोणतीहि अपात्रता येत नाहीं, असें १९५८ च्या कायद्याचें बारावें कलम स्पष्ट सांगतें. पण तें कलम दुकानदाराच्या दारावर लावलेलें नसतें. पूर्वीं कोठें होतास, असा प्रश्न आला कीं तरुण एक तर खोटें बोलतो आणि पुढें उघडकीस येऊन हाकलला जातो, किंवा खरें बोलतो आणि तेव्हांच परत फिरतो. अशा वेळीं कार्यकर्ता बरोबर असला तर तोच मालकाला आधीं सर्व हकीकत सांगतो, महिनाभर दर आठवड्याला येऊन जाण्याचें कबूल करतो आणि आपला पत्ता देऊन ठेवतो. सर्व मालक ऐकतात असें नाहीं. ऐकलें त्यांतलेहि कांहीं पस्तावतात. हा माणूस पुन्हां चोरी करणार नाहीं, अशी खात्री त्याला देतां येत नाहीं आणि तो देतहि नाहीं. कांहीं झालें तर मला बोलवा, एवढेंच तो सांगतो, आणि पुढच्या आठवड्यांत ठरल्या दिवशीं चौकशीला येतो.