घोडामैदान

एखाद्याच्या बढाईची लवकरच परीक्षा व्हायची असली, म्हणजे आपण 'घोडामैदान जवळच आहे' असे म्हणतो. ज्याने ही म्हण प्रथम वापरली, त्याच्या डोळ्यांपुढे बहुधा एखादा घोडदळाचा तळ असेल. मी मुंबईत वाढलो, त्यामुळे माझ्या लेखी घोडामैदान अक्षरशः जवळ होते. महालक्ष्मी स्टेशनावर उतरावे, पूल ओलांडून समुद्राच्या दिशेने थोडे चालावे, की ते दिसू लागे. त्या मैदानावरच्या गर्दीच्या दिवसांबद्दल आज चार गोष्टी सांगाव्यात असे मनात आहे. घोड्यांची परीक्षा जाणकारांनी करावी. मला बोलायचे आहे ते माणसांविषयी.

गर्दी आपल्याला नवी नाही. आषाढात पंढरपुरास होते ती गर्दी, गिरगाव चौपाटीवर अनंत चतुर्दशीला लोटते ती गर्दी, सकाळी नवाच्या लोकलची गर्दी. वारीच्या गर्दीत प्रत्येकाचे मागणे एक असते. लोकलच्या गर्दीत प्रत्येकाची अडचण एक असते. रेसकोर्सवरची गर्दी या दोहींपेक्षा निराळी. तिथे हजारो माणसे खांद्याला खांदा लावून उभी असतात, एकाच दिशेने पाहत असतात, आणि तरीही शेजारचा मनुष्य चुकावा अशी प्रत्येकाची मनोमन इच्छा असते. या इच्छेत दुष्टपणा मुळीच नसतो. त्या खेळाचे गणितच तसे आहे.

गणिताकडे मी पुढे येईन. आधी जागेविषयी सांगतो. मुंबईत टर्फ क्लब स्थापन झाला तो 1802 साली. पहिल्या शर्यती भायखळ्याच्या मैदानावर होत. अरबी घोड्यांचे व्यापारी इराणी आखातातून गलबते भरभरून घोडे आणीत, ते याच शहरात विकले जात, आणि त्यांतले तेज घोडे शर्यतीत उतरत. पुढे शहर वाढले, भायखळा दाटीचा झाला, आणि 1883 साली मैदान महालक्ष्मीच्या सखल, पाणथळ जमिनीवर आले.  आखणीचा नमुना घेतला ऑस्ट्रेलियातील मेलबर्नजवळच्या कॉलफिल्डच्या रेसकोर्सवरून. पुण्याचे मैदान याहूनही जुने. ते 1830 सालचे, लष्कराच्या जागेवरचे.

मी या मैदानाची वाट प्रथम चाललो ती 1971 साली, नोकरीला लागल्यानंतर, आमच्या मामांच्या मागोमाग. मामा फोर्टातल्या एका पेढीवर हिशेबनीस होते. आठवडाभर ते दुसऱ्यांचे जमाखर्च लिहीत आणि शनिवारी रात्री स्वतःची एक लांबोडकी वही उघडीत. तीत घोड्यांची नावे, त्यांचे आईबाप, मागच्या शर्यतींतील क्रमांक, कोणत्या जॉकीने कोणता घोडा किती वजनाने पळविला, हे सारे सुंदर वळणदार अक्षरांत असे. बरोबरीने लढत व्हावी म्हणून अनेक शर्यतींत चांगल्या घोड्यावर अधिक वजन लादतात. जॉकी हलका असेल तर खोगिराखाली शिशाचे तुकडे घालतात. हे मला मामांनी समजावून सांगितले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर वेदान्त सांगणाऱ्या शास्त्रीबुवांचे समाधान होते.

रेसच्या दिवशी दुपारपासूनच महालक्ष्मीचा पूल माणसांनी भरून जाई. बाहेर पिवळी, गुलाबी पुस्तके विकणारे ओरडत. भेळवाले, शेंगदाणेवाले आणि पेन्सिली विकणारी पोरे; होय, पेन्सिली, कारण तिथे प्रत्येकाला पुस्तकात खूण करायची असे. आत गेल्यावर मात्र एका गर्दीच्या अनेक गर्द्या होत. सभासदांचा सज्जा निराळा. तिथे फुलाफुलांच्या टोप्या, रेशमी साड्या, दुर्बिणी. त्यानंतर महाग तिकिटाचा भाग आणि शेवटी स्वस्त तिकिटाचा. या शेवटच्या भागात परळ-वरळीच्या गिरण्यांतले कामगार असत, टॅक्सीवाले असत, इराण्याच्या हॉटेलातले पोऱ्ये असत, पेन्शनीत निघालेले कारकून असत. मधल्या कठड्यांनी माणसांची वर्गवारी केलेली. घोडा मात्र सर्वांसमोरून सारख्याच वेगाने जाई.

आता ते गणित. टोटच्या खिडकीवर लोक जे पैसे लावतात, ते सारे एका थैलीत जमा होतात असे समजा. त्या थैलीतून प्रथम सरकारचा कर आणि क्लबचा वाटा बाजूला काढला जातो. उरलेली रक्कम जिंकणाऱ्या घोड्याच्या तिकिटांवर वाटून देतात. याचा अर्थ असा, की तुम्हांला मिळणारा पैसा घोडा देत नाही, क्लब देत नाही. तो शेजारी उभा असलेला मनुष्य देतो. ज्या घोड्यावर सारेच भाळले, तो जिंकला तर प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर येते. ज्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही, तो आला तर मूठभर लोकांची चंगळ होते. म्हणजे तुम्ही घोडा ओळखलात एवढ्याने भागत नाही. इतरांना जो ओळखता आला नाही, तो तुम्हांला ओळखता आला पाहिजे. रेसकोर्सवर माणूस झुंजतो तो गर्दीशी, आणि त्या गर्दीत तो स्वतःही असतोच! या झुंजीत एकच गडी कधी हरत नाही. तो म्हणजे थैलीतून आधीच बाजूला काढलेला वाटा.

मामांना हे गणित पाठ होते. तरी त्यांची वही थांबली नाही. का, ते मला पुष्कळ वर्षांनी उमजले. कचेरीत त्यांचे मत कोणी विचारीत नसे. मैदानावर मात्र पाच अनोळखी माणसे त्यांच्या वहीत डोकावून 'काका, चौथ्या रेसला काय म्हणता?' असे अदबीने विचारीत. त्या गर्दीत मामांना एक पत होती.

शर्यत सुटण्यापूर्वीचा क्षण मी विसरू शकत नाही. घोडे दूर, पलीकडच्या बाजूला, ठिपक्यांएवढे. बुकींच्या रांगेत भाव क्षणाक्षणाला पालटत असत. मग एकाएकी एक उद्गार उठे, आणि सारा कोलाहल ओसरे. वाटेत जो पुटपुटाट चाले, तो घोडे वळणावर येताच नावांचा होई. शेवटच्या दोन फर्लांगांत प्रत्येक जण आपापल्या घोड्याचे नाव ओरडत असे, आणि त्या शेकडो नावांचा मिळून जो एक आवाज होई, त्यात कुठलेच नाव ऐकू येत नसे. मातीचा एक थरार पायांखालून जाई. रंगीत अंगरख्यांचा झोत डोळ्यांपुढून निघून जाई. संपले! लगेच जमिनीवर फाटक्या तिकिटांचा पांढरा सडा पडे. वस्तुतः तिकीट इतक्या लवकर फाडू नये. शर्यतीनंतर जॉकीचे खोगिरासह वजन होते, हरकत आली तर तिचा निकाल लागतो, आणि मगच निकाल पक्का ठरतो. म्हणून दोन-चार चाणाक्ष माणसे खाली वाकून तो सडा चाळीत राहत. घाईने टाकलेले एखादे खरे तिकीट त्यांना सापडेही.

एक दिवस मात्र या नियमाला अपवाद झाला. 1977 सालची इंडियन डर्बी. ही शर्यत 1943 पासून चालू आहे; चार वर्षांच्या घोड्यांची, चोवीसशे मीटरांची. पहिल्याच वर्षी ती बडोद्याच्या महाराजांच्या 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' या घोडीने जिंकली होती. सत्त्याहत्तर साली सर्वांच्या तोंडी एकच नाव होते: 'स्क्वॉन्डरर'. स्क्वॉन्डरर म्हणजे उधळ्या. बंगलोरच्या रशीद बैरामजींनी तयार केलेला हा घोडा, आणि त्याच्यावर वसंत शिंदे. आपल्या साऱ्या कारकिर्दीत हा घोडा एकोणीस वेळा धावला आणि अठरा वेळा पहिला आला. त्याच्यावर पैसे लावून श्रीमंत होणे अशक्य होते, कारण सगळेच त्याच्यावर लावीत होते. गणिताप्रमाणे त्या दिवशी गर्दीने घरी बसायला हवे होते. पण इतकी गर्दी मी तिथे पूर्वी पाहिली नव्हती. स्वस्त भागात पाय ठेवायला जागा नव्हती. घोडे शेवटच्या वळणावर आले, आणि त्या दिवशी प्रथमच मला आवाजातले नाव ऐकू आले, कारण ते एकच होते. अडीच मिनिटांत शर्यत आटोपली. उधळ्या जिंकला. टोटवर दमडी सुटली असेल-नसेल. पण लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारीत होते. माझ्या बाजूच्या गिरणी कामगाराने जिंकलेले तिकीट खिडकीवर नेलेच नाही. त्याने ते खिशात जपून ठेवले.

तो दिवस हरलेल्या कोणाही माणसाच्या हिशेबात बसत नव्हता. त्या दिवशी गर्दी स्वतःविरुद्ध खेळली नाही.

पावसाळ्यात मुंबईचे मैदान मिटे आणि शर्यती पुण्यास जात. पुण्याच्या त्या हंगामाशी एका सुप्रसिद्ध गाडीचा जन्म निगडित आहे. 1 जून 1930 रोजी दख्खनची राणी सुरू झाली, ती आरंभी केवळ आठवड्याच्या अखेरीस धावे, आणि तिच्या उतारूंत मुंबईहून पुण्याच्या शर्यतींना निघालेली धनिक मंडळी पुष्कळ असत. आम्ही गेलो ते तिसऱ्या वर्गाच्या गर्दीतून. घाटात धुके, पुण्यात बारीक भुरभुर, ओल्या गवताचा आणि घोड्यांच्या अंगाचा मिसळलेला वास. मोतद्दार घोड्यांना फिरवून आणीत आणि त्यांच्या मानेवर हात ठेवून काही बोलत. पैसे न लावता त्या जनावराकडे पाहणारे संबंध मैदानावर बहुधा तेवढेच असत.

या सुखाची एक बाजू मैदानावरून दिसत नसे. ती आमच्या चाळीत दिसे. पगाराच्या पहिल्या शनिवारी मामी आमच्याकडे येत. पदराची गाठ सोडून त्यातल्या नोटा आईच्या हाती ठेवीत आणि हळूच म्हणत, "वन्सं, भाड्याचे आणि वाण्याचे एवढे तुमच्याजवळ राहू द्या. सोमवारी नेईन." आई काही न बोलता ते पैसे देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात ठेवी. मामांना हे ठाऊक होते. त्यांनी कधी विचारले नाही, आणि मामींनी कधी सांगितले नाही. आमच्या चाळीत दर महिन्याच्या या मूक तहामुळे एक संसार उभा राहिला. पुष्कळ घरांत असा तह झाला नाही, असा देव्हाराही नव्हता. तिथले काय झाले, हे सांगण्यासाठी आकडे नाहीत, पण त्या घरांची दारे मला आठवतात.

तमिळनाडू सरकारने शर्यतींवरील पैजांना बंदी घालणारा कायदा 1974 साली केला होता. तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि 1996 साली न्यायालयाने निर्णय दिला की घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, निव्वळ नशिबाचा नव्हे. मामांच्या वहीकडे पाहिलेल्या माणसाला हा निर्णय मान्य करणे जड जाणार नाही. कौशल्य खरेच होते. मात्र न्यायालयापुढे प्रश्न कायद्याचा होता. मामींपुढे प्रश्न भाड्याचा होता. पहिल्याच्या उत्तराने दुसरा सुटत नाही.

पुढे दिवस पालटले. जानेवारी 1982 मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि परळ-वरळीचे भोंगे मुके होत गेले. त्यानंतर स्वस्त भागातली दाटी मला पूर्वीसारखी वाटली नाही. हळूहळू पैज लावायला मैदानावर जाण्याचीच गरज उरली नाही. आधी दूरच्या केंद्रांतून आणि मग हातातल्या फोनवरून हे काम होऊ लागले. करोनाच्या साथीत, 2020 व 2021 साली, देशात कित्येक शर्यती प्रेक्षकांवाचून झाल्या. रिकाम्या सज्ज्यांसमोरून घोडे तितक्याच वेगाने धावले. 2024 साली महालक्ष्मीच्या 211 एकरांपैकी 120 एकर मोठ्या उद्यानासाठी महानगरपालिकेकडे देण्याचा करार झाला, आणि 91 एकर क्लबकडे राहिले. ज्या शहरात मुलांना धावायला अंगण नाही, तिथे उद्यानाचे स्वागत कोण करणार नाही?

गर्दी ओसरली म्हणून पैज ओसरली, असे मात्र समजू नये. पूर्वी हरणारा मनुष्य निदान चार माणसांत हरत असे. पुलावरून परत जाताना त्याच्या दोन्ही बाजूंना हरलेलीच माणसे चालत. एखादा विडी पुढे करी, एखादा म्हणे, 'पुढल्या रविवारी बघू.' संध्याकाळी चाळीच्या जिन्यावर त्याची पावले वाजत, आणि पावलांवरून घरातल्या माणसांना निकाल कळे. आता तो एका खोलीत, एका फोनपुढे, एकटा हरतो. त्याच्या शेजारी झोपलेल्या माणसालाही ते कळत नाही. ज्याला लपायला गर्दी लागत नाही, त्याच्या हाती देण्यासाठी नोटाही उरलेल्या नसतात, आणि कोणाच्या देव्हाऱ्याखाली ठेवायलाही काही नसते.

रेसकोर्सच्या त्या जुन्या गर्दीचे मी गोडवे गाणार नाही; तिने पुष्कळांचे पगार खाल्ले. पण तिला एक कठडा होता, एक वेळ होती, एक परतीची वाट होती. शनिवार-रविवार सरला की सोमवार येई. आजच्या पैजेला वार नाही. पूर्वी घोडामैदान जवळ असले तरी तिथवर चालत जावे लागे, आणि त्या चालण्यात मनुष्याला विचार करायला, क्वचित माघारी फिरायलाही, थोडा अवकाश मिळे. आता ते खिशात आले आहे. यापेक्षा जवळ ते येऊ शकत नाही. म्हणूनच त्याच्यापासून चार पावले दूर कसे राहावे, हे ज्याने त्याने स्वतःच शिकले पाहिजे.