ओठ शिवला, दातांचे काय?

साधारण ७०० बाळांमागे एक बाळ दुभंगलेला ओठ किंवा टाळू घेऊन जन्माला येते. ग्रहणात आईने विळी हातात घेतली म्हणून असे झाले, हा आरोप आजही बायकांच्या माथी मारला जातो. तो निखालस खोटा आहे. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशी मुले शोधून त्यांची शस्त्रक्रिया मोफत केली जाते, स्वयंसेवी संस्थाही मोठे काम करतात. ओठ पहिल्या काही महिन्यांत आणि टाळू साधारण दीड वर्षाच्या आत शिवली, की उपचार संपला असे आपण समजतो. पण फट बऱ्याचदा हिरडीच्या हाडातूनही गेलेली असते. तिच्याजवळचा पटाशीचा दात उगवतच नाही किंवा भलतीकडेच येतो, वरचा जबडा अरुंद राहतो. आठ ते अकरा वर्षांच्या सुमारास, सुळा येण्याआधी, कमरेच्या हाडाचा थोडा भाग काढून त्या फटीत भरावा लागतो, आणि त्यासाठी बहुधा आधी तारा लावून जबडा रुंद करून घ्यावा लागतो. ही वेळ टळली तर सुळ्याला आधार देणारे हाडच मिळत नाही.

आपल्या आरोग्य योजना मात्र मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चाभोवती बांधलेल्या आहेत. तारा लावलेले मूल दाखल होत नाही. ते वर्षानुवर्षे बाह्यरुग्ण विभागात येत राहते, आणि मजुरी बुडवून त्याला आणणाऱ्या आईबापांनी तो खर्च कुठून करायचा? हा खर्च योजनांनीच उचलायला हवा. त्यावर, दात सरळ करणे ही हौस आहे, असा आक्षेप घेतला जातो. इथे प्रश्न चावण्याचा आणि स्पष्ट बोलता येण्याचा आहे. खर्चाला अंत राहणार नाही, ही भीतीही मला पटत नाही. मुलांची संख्या मर्यादित आहे, उपचारांचे टप्पे ठरलेले आहेत, आणि मुंबई-नागपूरसारख्या ठिकाणी शासकीय दंत महाविद्यालये आहेत. टप्पा पूर्ण झाला की त्याचे पैसे द्यावेत. ऑस्ट्रेलियात १९८१पासून या मुलांच्या दंतोपचारांसाठी स्वतंत्र सरकारी योजना आहे. आपल्याकडे वयाची अटही बदलावी लागेल. बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठराव्या वर्षी थांबतो, आणि जबडा पुढे घेण्याची शेवटची शस्त्रक्रिया वाढ पूर्ण झाल्यावर, म्हणजे मुलग्यांच्या बाबतीत बहुधा अठरानंतरच करता येते. जन्माच्या वेळी नोंद झालेल्या मुलाचे संरक्षण ही शस्त्रक्रिया होईपर्यंत चालू राहिले पाहिजे.