गोळी बनत असतानाच तपासणारा प्रकाश

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा गोषवारा)



१९६१ साली आय.डी.पी.एल.ची स्थापना झाली आणि आपल्या हैदराबादेत औषध उद्योग रुजला. बालानगर, जीडीमेटला भागातल्या कारखान्यांत आपल्यापैकी बरेच जण नोकरीला आहेत. मीही त्यातलाच, गुणवत्ता विभागातला. "तुम्ही दिवसभर तपासता म्हणजे नक्की काय करता?" असे घरचे विचारतात. आज त्याचे उत्तर देतो.

एका बॅचमध्ये लाखो गोळ्या असतात. प्रत्येक गोळीत औषध सारखे आहे का, हे पाहण्याच्या ठरलेल्या चाचणीत आधी १० गोळ्या घेतात. निकाल मर्यादेत बसला नाही तर आणखी २०. तपासलेली गोळी नष्ट होते, म्हणून सगळ्या तपासता येत नाहीत. रुग्णाच्या हातात पडते ती न तपासलेलीच गोळी.

आता आपल्या खिरापतीचा डबा आठवा. घरी छान कालवलेली असते, पण रिक्षातून हिंदकळत मंडपात येईपर्यंत खसखस तळाशी जाते आणि खडीसाखर वर येते. रांगेतल्या पहिल्या मुलाची चंगळ होते. प्रसादात हे चालते, पण फिट येणाऱ्या रुग्णाच्या गोळीत चालत नाही. आमची भुकटीही अशीच वागते. कमी फिरवली तर नीट मिसळत नाही. जास्त फिरवली तर कधी कधी पुन्हा वेगळी होऊ लागते.

जुन्या पद्धतीत ब्लेंडर ठरावीक मिनिटे फिरवायचा, थांबवायचा, लांब नळीने ठिकठिकाणचे नमुने काढायचे आणि प्रयोगशाळेच्या निकालाची वाट बघायची. नळी खुपसताना थर विस्कटतात ते वेगळेच.

इथे प्रकाश मदतीला येतो. तांबड्या रंगापलीकडे न दिसणारे किरण असतात, हे १८०० साली विल्यम हर्शेल यांनी दाखवले. त्यांतले दृश्य प्रकाशालगतचे किरण भुकटीवर टाकले की प्रत्येक पदार्थ आपापल्या रेणूंच्या कंपनांनुसार ठरावीक किरण शोषतो. परत आलेल्या प्रकाशाचा आलेख म्हणजे वर्णपट. ब्लेंडरच्या झाकणाला नीलमणी काचेची खिडकी आणि त्यावर संवेदक बसवतात. प्रत्येक फेरीत भुकटी खिडकीवर आली की एक वर्णपट घेतला जातो. लागोपाठचे वर्णपट सारखे येऊ लागले की मिश्रण झाले, ब्लेंडर थांबवा!

ओले दाणे वाळवतानाही हेच तंत्र वापरतात. पाणी १४५० आणि १९४० नॅनोमीटरच्या आसपास ठळक शोषण दाखवते. दाणे ओले राहिले तर गोळी साच्याला चिकटते, फार वाळले तर गोळीची टोपी उडते. संवेदकामुळे ड्रायर न उघडता ओलावा कळतो.

२००४ साली अमेरिकेच्या एफडीएने यासाठी मार्गदर्शिका काढली. गुणवत्ता शेवटी तपासून मालात येत नाही, ती बनवतानाच यावी लागते, हा तिचा गाभा. २०१६ साली 'प्रेझिस्टा' या एचआयव्हीवरील गोळीचे उत्पादन बॅचऐवजी सलग पद्धतीने करायला एफडीएने परवानगी दिली. अशा सलग उत्पादनात या संवेदकांचे महत्त्व आणखी वाढते.

पण ही जादू नव्हे. संवेदकाला आधी शिकवावे लागते. प्रयोगशाळेत नेमके मोजलेले नमुने दाखवून गणिती मॉडेल बांधावे लागते. लॅक्टोजचा पुरवठादार बदलला, कणांचा आकार बदलला, तर तेही पुन्हा तपासावे लागते. थायरॉईडच्या गोळीत औषध मायक्रोग्रॅममध्ये असते. एवढी कमी मात्रा या किरणांना सहसा नीट दिसत नाही. तिथे प्रयोगशाळेला पर्याय नाही.

आणि एक गोष्ट कोणतेही यंत्र करू शकत नाही. पडद्यावरचा आलेख बिघडलेला दिसतो आहे, ट्रक दारात उभा आहे, वरून फोन येतो आहे. अशा वेळी "बॅच थांबवा" म्हणणारा माणूस लागतो. त्याला तो अधिकार देणे आणि त्याच्या पाठीशी उभे राहणे हे व्यवस्थापनाचे काम. इथे बसलेल्या फार्मसीच्या आणि रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माझे एवढेच सांगणे आहे: थोडे संख्याशास्त्रही शिका आणि आलेखामागचे कारण विचारायची सवय ठेवा. तुम्ही सोडलेली गोळी कुणाची तरी आजी विश्वासाने घेणार आहे.

 गणपती बाप्पा मोरया!