बागेतील गांडुळांची माती



पावसाळ्यात सकाळी शाळेच्या बागेत बारीक मणी एकावर एक रचावेत तसे मातीचे लहान ढीग दिसतात. मुले ती घाण समजून झाडून टाकतात. वस्तुतः ती गांडुळांची विष्ठा होय. गांडूळ कुजका पाला मातीसह गिळते. तो पोटात दळला जातो आणि उरलेली माती ते वर टाकते. भोवतालच्या मातीपेक्षा तिच्यात पिकांना सहज घेता येणारी अन्नद्रव्ये अधिक असतात.

इंग्लंडमध्ये चार्ल्स डार्विन यांनी १८४२ साली आपल्या घराजवळच्या शेतात खडूचे तुकडे पसरविले. १८७१ साली तेथे चर खणला, तेव्हा खडूचा थर ७ इंच खाली आढळला. गांडुळांनी वर आणलेल्या मातीने तो झाकला गेला होता.

ओल आणि कुजका पाला असेल तेथे हे ढीग दाट दिसतात. उघड्या, तुडविलेल्या जागी ते विरळ असतात. मात्र उन्हाळ्यात ते दिसेनासे झाले म्हणून जमीन निकस झाली असे समजू नये. त्या वेळी गांडुळे खोल ओलीत जातात.

म्हणून श्रावणात मुलांनी प्रत्येक वाफ्यात हातभर चौरस जागा आखावी, तेथील ढीग मोजावेत व वहीत टिपावेत. जेथे एकही ढीग नसेल, तेथे आवारातील पाला जाळण्याऐवजी पसरावा. पुढील श्रावणात पुन्हा मोजणी करावी. वाफ्याची सुधारणा मुलांना स्वतःच्या वहीतच वाचता येईल.