पन्नास वर्षांचा रंग



इटलीत मिलानजवळ नोवेग्रोला आणि इमोलाच्या शर्यतीच्या ट्रॅकवर जुन्या गाड्यांचे आणि सुट्या भागांचे मोठे बाजार भरतात. तिथे एकाच मॉडेलच्या दोन मोटरसायकली शेजारी शेजारी उभ्या आहेत असं समजा. मोटो गुझीची व्ही सेव्हन स्पोर्ट, 1972 ची. एक नव्या नवरीसारखी नटलेली. दुसरीच्या टाकीवर गुडघे घासून घासून रंग विटलाय, सीटला एक चीर आहे, नटबोल्टांचं प्लेटिंग काळवंडलंय. दुसरीचा मालक पहिलीपेक्षा जास्त पैसे मागतो. आणि गंमत म्हणजे बरेचदा ते त्याला मिळतात.

का मिळतात, ते सांगण्याआधी गाडीची थोडी ओळख करून देतो. कोमो सरोवराच्या काठावर मांडेल्लो देल लारिओ हे गाव आहे. तिथे 1921 पासून मोटो गुझीचा कारखाना. (2004 पासून ही कंपनी पियाज्योकडे आहे, म्हणजे बारामतीत व्हेस्पा बनवणाऱ्यांचीच ती सख्खी बहीण.) व्ही सेव्हन हे मुळात लांब पल्ल्याचं, अंगानं दांडगं वाहन. इंजिनाच्या डोक्यावर, दोन सिलिंडरांच्या मधोमध डायनामो बसवलेला, त्यामुळे फ्रेमलाही उंच व्हावं लागे. लिनो तोंती या अभियंत्यानं तो डायनामो काढला आणि क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाला अल्टरनेटर बसवला. डोक्यावरची अडचण गेली आणि फ्रेमच्या नळ्या सरळ, सखल नेता आल्या. 748 सीसीचं इंजिन, पाच गिअर, चेनऐवजी शाफ्ट. 1971 साली ही स्पोर्ट बाजारात आली. गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. जुनी बुलेट चालवलेल्या श्रोत्यांना त्याचं नवल वाटायचं नाही.

पहिल्या मोजक्या गाड्या कारखान्याच्या शर्यत विभागात हातानं बांधल्या होत्या. क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाची फ्रेम, तिला लाल रंग, आणि टाकीला लेन्यानो सायकलींचा तो पोपटी-हिरवा. या लाल फ्रेमवाल्या गाड्यांना आज नंतरच्या काळ्या फ्रेमवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त भाव आहे. आता विचार करा, काळी फ्रेम लाल करायला काय लागतं? एक डबा रंग आणि एक मोकळी दुपार. नव्यानं रंगवलेल्या गाडीत खरं काय नि खोटं काय, हे सांगायला जागाच उरत नाही. जुन्या रंगात ती उरते. सीट काढून पाहा, तिच्याखाली ऊन न लागलेला रंग असतो, तो बाहेरच्या रंगाशी ताडून बघता येतो. बोल्टचे कोपरे गोल झालेले असतील तर कुणीतरी पाना चालवलाय. फ्रेमवरच्या क्रमांकाची सुरुवात व्हीके या अक्षरांनी होते. त्या अक्षरांच्या खाचांत रंगाचे किती थर आहेत ते भिंगातून दिसतं. जुन्या वाहनांच्या फिवा या जागतिक संघटनेच्या ट्यूरिन सनदेतही जपणुकीला जीर्णोद्धाराच्या आधीचं स्थान आहे. पण बाजाराला ते सनदेच्या आधीच कळलं होतं. विकत घेणारा रंगाचे पैसे देत नाही, साक्षीचे देतो.

इथपर्यंत सगळं ठीक. पण या गाडीच्या बाबतीत एक मोठी मेख आहे, आणि ती नेमकी जपलेल्या गाडीतच जास्त लपते.

व्ही सेव्हन स्पोर्टचे सिलिंडर अॅल्युमिनियमचे. पिस्टन ज्या भिंतीवर घासतो, तिला आतून कडक क्रोमचा पातळ लेप. गाडी रोज चालती असेल तर तेलाचा पापुद्रा त्या भिंतीवर राहतो आणि सगळं सुरळीत चालतं. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की ते तेल ओघळून जातं, हवेतला दमटपणा क्रोमच्या बारीक छिद्रांतून आत शिरतो, खालचं अॅल्युमिनियम गंजायला लागतं, आणि ओल आलेल्या भिंतीसारखे क्रोमचे पोपडे सुटतात. ते तुकडे तेलाबरोबर फिरतात. क्रोम म्हणजे काही मऊ धातू नव्हे. बेअरिंगांची त्यात काय गत होत असेल ते सांगायला नको.

म्हणजे बघा, जाहिरातीत लिहिलेलं असतं, ‘एकच मालक, अगदी कमी किलोमीटर, वीस वर्षं कोरड्या तळघरात.’ वाचून तोंडाला पाणी सुटतं. मला मात्र त्यातली वीस वर्षंच आधी दिसतात. बाहेरून सर्वांत देखणी ती आतून सर्वांत संशयास्पद. त्यापेक्षा दर रविवारी सरोवराला एक फेरी मारून आलेली, थोडी मळकी गाडी मी केव्हाही घेईन. कॉम्प्रेशन मोजून भागत नाही, कारण पोपडे सुटायला नुकती सुरुवात झाली असेल तर आकडे चांगले येऊ शकतात. स्पार्क प्लग काढून त्या भोकातून बारीक कॅमेरा आत सोडायचा आणि भिंत डोळ्यांनी बघायची. विकणारा याला नकार देत असेल, तर उत्तर मिळालंच.

आणि पोपडे निघालेच तर? सौदा मोडायलाच हवा असं नाही, किंमत मोडावी. निकासिल लेपाचे नवे सिलिंडर मिळतात. ते बनवणारा जिलार्दोनीचा कारखानाही मांडेल्लोतलाच. जुने सिलिंडर पुसून, तेल लावून खोक्यात ठेवायचे, फेकायचे नाहीत. ‘मूळ भाग मूळ भाग’ करणारे काही हौशी लोक टायरसुद्धा पहिलेच ठेवतात. हा मला शुद्ध वेडेपणा वाटतो. पन्नास वर्षांचं रबर दगडासारखं असतं. पुढच्या ड्रम ब्रेकच्या शूवरचं अस्तर सुटून येऊ शकतं. टायर, पेट्रोलच्या नळ्या, ऑइल सील, ब्रेकचं अस्तर हे बिनदिक्कत बदलावं. रंग, सीट, व्हेग्लियाचे मीटर आणि लाफ्रांकोनीचे, शार्कच्या कल्ल्यांसारख्या फटींचे सायलेन्सर यांना हात लावू नये. मूळ सायलेन्सर आतून गंजतात आणि पुन्हा मिळवताना नाकी नऊ येतात, म्हणून ते बोटानं ठोकून आवाज ऐकून घ्यावेत.

कागदपत्रांत इटलीची मूळ नोंदणी पुस्तिका असावी आणि जुनी नंबरप्लेट गाडीवरच असावी. त्या प्लेटवर तेव्हा प्रांताची अक्षरं असत, कोमोची सीओ, मिलानची एमआय. पुस्तिका आणि प्लेट जुळली तर गाडी पहिल्यांदा कुठे गेली ते समजतं.

राहिली चालवून पाहण्याची गोष्ट. गाडी सुरू करण्याआधी हात इंजिनावर ठेवा. तुम्ही यायच्या आधी मालकानं ते गरम करून ठेवलं असेल, तर गार इंजिनाच्या खोड्या तुम्हाला कळणार नाहीत. हाताला ऊब लागली तर मालकाकडे कॉफी मागा, कोमोच्या हवापाण्याच्या गप्पा काढा, आणि इंजिन गार होईपर्यंत तिथून हलू नका.